सायकलच्या कॅरियरवरील माल घासू नये म्हणून

शेतावर न्यावयाचा किंवा शेतावरून आणावयाचा माल वाहण्यासाठी बैलगाडी, मोटारसायकल व लहान टेम्पो ही साधने आज खेडोपाडी दिसत असली, तरी थोड्या वजनाच्या रोजच्या वाहतुकीसाठी सायकलचा उपयोग अद्यापि पुष्कळ ठिकाणी केला जातो. दुधाची कॅन, बियाण्याची थैली, फवारणीचा पंप, टोमॅटोची पेटी, मातीचे नमुने अशा नाना वस्तू तिच्या मागील कॅरियरवरून जातात. या प्रवासात वस्तूंची जी झीज होते ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. थैली फाटून बियाणे सांडले तर ते दिसते. परंतु थैली शाबूत राहून आतील दाण्यांचे साल तडकले, किंवा औषधाच्या बाटलीवरील मजकूर पुसला गेला, तर ते नुकसान त्या दिवशी कळत नाही. पेरणीनंतर आठ दिवसांनी शेत विरळ दिसू लागते, त्या वेळी दोष बियाण्यास दिला जातो आणि वाटेत काय घडले याचा विचार कोणी करीत नाही.

घासणे कसे घडते

बैलाच्या खांद्यावर जू नीट बसले नसेल, ते मागेपुढे सरकत असेल, तर खांदेसूज होते हे शेतकऱ्यास ठाऊक असते. जुवाचा भार तोच, बैल तोच. फरक पडतो तो सरकण्यामुळे. सायकलवरील मालाचेही असेच आहे. वस्तू घासण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : हालचाल, दाब आणि खरबरीतपणा. यांपैकी दाब तर टाळता येतच नाही, कारण वस्तूस वजन असते व ती बांधावीही लागते. खरबरीतपणा काही अंशी कमी करता येतो. परंतु मुख्य कारण हालचाल हेच होय, व तिचाच बंदोबस्त बहुधा शेवटी केला जातो किंवा मुळीच केला जात नाही.

साध्या सायकलच्या मागील चाकास स्प्रिंग नसते. रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याचा व खडीचा धक्का टायरमधून चाकास, चाकातून सांगाड्यास व तेथून कॅरियरच्या दांड्यांस पोहोचतो. धक्का बसताच माल किंचित वर उडतो आणि पुन्हा बसताना पहिल्या जागेवर न बसता अल्पसा सरकून बसतो. हे सरकणे केसाएवढे असले तरी त्याची आवृत्ती किती होते हे पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या २८ इंची चाकाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.२ मीटर पुढे जाते. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे ४५० फेरे होतात. बाजाराचे गाव दहा किलोमीटरवर असेल आणि प्रत्येक फेऱ्यात एकच धक्का बसतो असे धरले, तरी बाजारास पोहोचेपर्यंत माल दांडीवर साडेचार हजार वेळा घासला जातो. मुरमाच्या रस्त्यावर हा आकडा याहून पुष्कळच मोठा होईल.

यात भर पडते ती धुळीची. मागील चाकाने उडविलेली बारीक वाळू माल व दांडी यांच्या फटीत जाऊन बसते. वाळूचा कण साध्या लोखंडाहूनही कठीण असतो. मग प्लास्टिक, अॅल्युमिनियम, कातडी पट्टा किंवा फळाची साल यांचा त्याच्यापुढे काय निभाव लागणार? प्रथम दांडीवरील रंग जातो, मग तेथे गंज चढतो, गंजाने दांडी खरबरीत होते आणि खरबरीत दांडी मालास आणखी वेगाने घासू लागते.

गोणपाटाची घडी पुरेशी का नाही

मालाखाली गोणपाटाची घडी टाकणे हा सर्वत्र रूढ असलेला उपाय आहे. त्याने काम होते, पण थोडे. गोणपाटामुळे दाब पसरतो हे खरे. मात्र घडी मोकळीच ठेवली असल्यास ती मालाबरोबर सरकते आणि अर्ध्या वाटेत एका बाजूस गोळा होऊन लोंबू लागते. शिवाय तागाच्या विणीत धूळ व वाळू अडकून राहते. महिनाभर न झटकलेले गोणपाट ही एक प्रकारची मऊ कानसच समजावी. पावसात ते भिजले की लवकर वाळत नाही व दांडी गंजविते. त्यातून ते पूर्वी खताचे पोते असेल तर खताचा अंश पाण्यात उतरून लोखंड अधिकच लवकर खातो. गोणपाट वापरूच नये असे नाही. ते स्वच्छ धुतलेले असावे, प्रत्येक फेरीपूर्वी झटकावे, आणि मुख्य म्हणजे माल ठेवण्यापूर्वी ते स्वतंत्र सुतळीने कॅरियरला चारी कोपऱ्यांवर बांधून टाकावे.

कॅरियरची तयारी

माल कितीही आवळून बांधला, पण कॅरियरच हलत असेल तर सर्व व्यर्थ होय. म्हणून पहिल्याने कॅरियर हाताने धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. सीटखालील बोल्ट व मागील चाकाच्या अॅक्सलजवळचे नट ढिले झाले असल्यास आवळावेत. दांड्या जेथे जोडल्या आहेत तेथे जोडाचे टोकदार कण उरलेले असतात. ते कानशीने घासून गुळगुळीत करावेत. बोटाला जे टोचते ते थैलीस फाडते. गंज असल्यास तो काच कागदाने काढून रंगाचा एक हात द्यावा व रंग पूर्ण वाळू द्यावा.

यानंतर दांड्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. हा उपाय जवळजवळ फुकटात होण्यासारखा असून सर्वांत उपयुक्त आहे. पंक्चरवाल्याकडे टाकाऊ ट्यूब सहज मिळते. ती उभी चिरून आतील पांढरी भुकटी धुऊन टाकावी, कारण ती राहिल्यास रबर घट्ट धरून बसत नाही. दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापावी. दांडीच्या एका टोकापासून सुरुवात करून पट्टी चांगली ताणून अशी गुंडाळावी की प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकील. उतरत्या दांडीवर खालून वर गुंडाळत जावे, म्हणजे घराच्या कौलांप्रमाणे पाणी बाहेरून ओघळून जाते व आत शिरत नाही. शेवटचे टोक अखेरच्या दोन वेढ्यांखाली सरकवून ओढून घ्यावे. गाठ मारू नये, गाठीचा उंचवटाच पुढे मालास काचतो.

रबराचा गुण केवळ मऊपणा नव्हे. मऊ तर चिंध्याही असतात. रबर वस्तूस धरून ठेवते, सरकू देत नाही, म्हणून ते येथे हवे. याच कारणास्तव पट्टीस तेल लावू नये. तेल, रॉकेल किंवा पेट्रोल लागल्यास रबर फुगते, चिकट होते व लवकर निकामी होते. कॅरियरवरील स्प्रिंगच्या चापासही खालच्या अंगाने रबर लावावे. हा चाप वह्या व छत्रीपुरता ठीक आहे. जड मालास तो वरून एका रेघेत दाबतो आणि तेथेच वण पाडतो.

कॅरियरपेक्षा रुंद पेटी न्यावयाची असल्यास तिचे सर्व वजन दोन दांड्यांवर येते. अशा वेळी पेटीच्या मापाची हलकी फळी, किंवा बांबूच्या चिपा आडव्या बांधून केलेली पाटी, कॅरियरवर पक्की करावी. फळीस चार कोपऱ्यांवर भोके पाडून ठेवल्यास दोर ओवण्याची सोय होते.

बांधणी

बांधण्यासाठी सुती नवार सर्वांत चांगली, कारण ती रुंद असल्याने काचत नाही. काथ्याचा दोर खरबरीत असतो. नायलॉनची बारीक दोरी मजबूत असली तरी ती मऊ मालात रुतते. ती वापरावी लागल्यास मालाच्या कडांवर, जेथे दोरी वळते तेथे, ट्यूबचे तुकडे घालावेत.

दोरी व रबर या दोहोंचे काम निरनिराळे आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. धान्य, बी किंवा फळे प्रवासात हादऱ्याने खाली दबतात व मालाची उंची थोडी कमी होते. त्याबरोबर घट्ट बांधलेली दोरी ढिली पडते, कारण ती आपण होऊन आखडत नाही. रबर मात्र मालाबरोबर आखडत जाऊन ताण कायम ठेवते. उलटपक्षी केवळ रबराने बांधलेला माल धक्क्यासरशी वर उडतो. सबब आधी दोरीने किंवा नवारीने पक्के बांधावे आणि त्यावरून ट्यूबचा पट्टा ताणून घालावा. एक वेढा आडवा व एक उभा अवश्य असावा. केवळ आडव्या वेढ्यांनी बांधलेला माल चढउतारावर मागेपुढे सरकतो. दोर नेहमी कॅरियरच्या जाड दांड्यांस अडकवावा. सीटच्या स्प्रिंगला किंवा मडगार्डच्या तारेला अडकवू नये. उरलेले टोक मोकळे सोडू नये, कारण ते चाकाच्या तारांत गुंतल्यास चालक पडून दुखापत होते. निघाल्यावर अर्धा किलोमीटर गेल्यानंतर एकदा उतरून बांधणी पुन्हा आवळावी. माल सर्वांत अधिक दबतो तो या पहिल्या टप्प्यातच.

माल हलतो किंवा नाही हे पाहण्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. माल बांधून झाल्यावर मालावरून कॅरियरच्या दांडीवर येईल अशी खडूची सरळ रेघ ओढावी व सायकल गावाभोवती एक चक्कर फिरवून आणावी. रेघ तुटून तिची दोन टोके बाजूस गेली असतील तर माल तेवढा सरकला असे समजावे. दांड्यांच्या वरच्या अंगास खडू फासून मग माल ठेवला, तर परत आल्यावर खडू जेथे पुसला गेला तेथेच घासणे चालू आहे हेही दिसून येते. एक चक्कर मोकळ्या गोणपाटावर व दुसरी रबर गुंडाळलेल्या कॅरियरवर अशी करून दाखविल्यास व्याख्यानाची गरज उरत नाही.

बियाणे

सर्व मालांत बियाण्याकडे अधिक लक्ष देणे जरूर आहे, आणि त्यातही सोयाबीन व भुईमूग यांकडे. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ असून अंकुर त्या सालीच्या लगेच खाली असतो. थैली आपटली, किंवा दांडीवर तासभर आदळत राहिली, तर साल तडकते किंवा अंकुर दुखावतो. वरून दाणा चांगला दिसतो, परंतु तो उगवत नाही किंवा वेडावाकडा उगवतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी असे प्रमाण आहे. म्हणजे शंभरातील तीस दाणे न उगवण्याची मुभा आधीच गृहीत धरलेली आहे. वाटेत आणखी दाणे गमावणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

यासाठी थैली सैल ठेवू नये. अर्धवट भरलेल्या थैलीचे तोंड खाली दुमडत आणून दाणे आतल्या आत हलणार नाहीत अशा बेताने आवळून बांधावे. कॅरियरवर कडब्याची किंवा भाताच्या पेंढ्याची दोन-तीन बोटे जाडीची गादी फडक्यात शिवून बांधावी व थैली तिच्यावर लांबीने आडवी ठेवावी. उतरविताना ती खाली सोडून देऊ नये. भुईमूग शक्यतो शेंगांच्या रूपातच न्यावा व पेरणीच्या वेळीच फोडावा. शेंगेचे टरफल ही निसर्गाने दिलेली पेटीच आहे.

बुरशीनाशक चोळलेल्या दाण्यावरील औषधाचा थर प्रवासात एकमेकांवर घासून निघतो व थैलीच्या तळाशी भुकटी होऊन पडतो. म्हणून घरच्या बियाण्यास बीजप्रक्रिया करावयाची असल्यास ती वाहतुकीपूर्वी न करता शेतावर पोहोचल्यावर करावी. उगवणशक्तीची घरगुती चाचणीही, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून करावयाची ती, बियाणे घरी आणल्यानंतरच घ्यावी; दुकानात किंवा शेजाऱ्याच्या कोठारात असताना घेतलेली चाचणी प्रवासातील नुकसान दाखवीत नाही.

प्रमाणित बियाण्याच्या थैलीस निळी खूणचिठ्ठी जोडलेली असते. ती दांडीकडील बाजूस आल्यास घासून फाटते व तिच्यावरील मजकूर वाचता येत नाही. उगवण न झाल्याची तक्रार करावयाची वेळ आली तर पावती, थैली व ही चिठ्ठी यांचाच आधार असतो. थैली ठेवताना चिठ्ठीची बाजू वर राहील असे पाहावे आणि वरून जाणाऱ्या पट्ट्याखाली ती येऊ देऊ नये.

कीटकनाशके व फवारणीचा पंप

कीटकनाशकाची बाटली कॅरियरवर आडवी बांधण्याची चाल घातक आहे. प्लास्टिकची बाटली एकाच ठिकाणी घासत राहिल्यास तेथे पातळ होऊन झिरपू लागते, व हादऱ्याने झाकणही सैल होते. झिरपलेले औषध बांधणाऱ्याच्या हातास, कपड्यांस व त्याच कॅरियरवर पुढे ठेवल्या जाणाऱ्या भाजीस लागते. कित्येक कीटकनाशके कातडीतून शरीरात शोषली जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले व शेकडो लोकांस रुग्णालयात जावे लागले, हे विसरता येण्यासारखे नाही. औषध अंगास लागण्याचा प्रत्येक मार्ग, तो कितीही क्षुल्लक वाटो, बंद करणे हेच शहाणपणाचे होय.

बाटलीवरील चिठ्ठीचे महत्त्व बाटलीइतकेच आहे. तिच्यावरील त्रिकोणाच्या रंगावरून विषाची तीव्रता कळते : लाल अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम व हिरवा सौम्य. मात्रा, सावधगिरी व विषबाधा झाल्यास उतारा कोणता, हेही बाटलीवर व सोबतच्या पत्रकात दिलेले असते. डॉक्टरकडे धाव घेण्याची वेळ येते तेव्हा घासून पांढरी पडलेली चिठ्ठी काहीच सांगू शकत नाही.

याकरिता औषधाची बाटली झाकण घट्ट लावून, एका स्वतंत्र डब्यात उभी ठेवावी आणि डब्यातील मोकळी जागा कोरड्या लाकडी भुशाने भरावी. भुसा बाटलीस हलू देत नाही व थोडे औषध सांडलेच तर शोषून घेतो. हा डबा केवळ याच कामासाठी राखून ठेवावा. भाकरीची पिशवी, चारा किंवा बियाणे यांबरोबर तो एका फेरीत कदापि नेऊ नये.

पाठीवरील पंप रिकामा करून व धुऊनच सायकलवर चढवावा. पंपाची रबरी नळी ही त्याची सर्वांत नाजूक जागा होय. ती कॅरियरच्या चापात चिमटली गेली किंवा मडगार्डच्या कडेवर घासत राहिली तर तिला बारीक चीर पडते. ही चीर रिकाम्या नळीत दिसत नाही; दाब भरला की फवारा नोझलऐवजी चिरेतून फवारणाऱ्याच्या अंगावर उडतो. नळी सैल वेटोळे करून टाकीच्या वर बांधावी, फवारणीची दांडी सायकलच्या मधल्या दांडीलगत चिंधी घालून बांधावी व नोझलवर फडक्याची टोपी बांधावी. खांद्याचे पट्टे टाकीभोवती गुंडाळून घ्यावेत, ते लोंबकळून चाकात जातात. शेतावर गेल्यावर औषध घालण्यापूर्वी पंपात स्वच्छ पाणी भरून दाब द्यावा आणि नळी व जोड कोरडे राहतात की नाही हे पाहावे. या पाच मिनिटांची टाळाटाळ करू नये.

इतर माल

फळभाज्यांच्या पेटीत तळाचा थर दबतो हे सर्वांस माहीत आहे. पण सर्वांत वरचा थर, वरून काही दाब नसल्यामुळे, सर्वांत जास्त उडतो व आपसांत घासतो, इकडे दुर्लक्ष होते. म्हणून पेंढा केवळ तळाशी न घालता झाकणाखालीही घालावा, आणि पेटी अशी भरावी की झाकण बसल्यावर फळे हलणार नाहीत. टोमॅटोस जेथे ओरखडा पडतो तेथून बुरशी शिरते. हिरव्या केळीवरील ओरखडा काढणीच्या दिवशी फिका दिसतो. फळ पिकल्यावर तोच काळा डाग होतो व भाव कमी येतो. केळीचे फणे कोरड्या केळीच्या पानांत गुंडाळून न्यावेत.

दुधाच्या अॅल्युमिनियमच्या कॅन दोन्ही बाजूंस टांगताना त्यांचा भार सारखा असावा. अॅल्युमिनियम हा मऊ धातू असल्याने लोखंडी दांडीवर त्याची करडी भुकटी निघते. दांडी ओली असल्यास दोन धातूंच्या स्पर्शामुळे झीज अधिक होते. कॅनच्या पोटास जेथे दांडी लागते तेथे ट्यूबचे रुंद कडे चढवावे. ते दररोज काढून कॅनबरोबरच धुवावे, अन्यथा त्याखाली दूध साचून आंबते.

मातीचे नमुने सावलीत वाळवून, सुमारे अर्धा किलो प्रत्येकी, स्वच्छ कापडी पिशव्यांत भरावेत. एक चिठ्ठी आत व एक बाहेर, दोन्ही शिसपेन्सिलीने लिहिलेल्या असाव्यात, कारण शाई ओलाव्याने पसरते. पिशव्या सुट्या न बांधता एकाच लाकडी किंवा प्लास्टिकच्या खोक्यात दाटीने ठेवाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेली बादली यासाठी घेऊ नये; तिच्या घासण्याने जस्ताचा अंश मातीत मिसळल्यास सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी चुकीची ठरते. खताच्या जुन्या पोत्याचेही तेच.

ट्यूबच्या पट्ट्या उन्हाने कडक होऊन त्यांस भेगा पडतात. पावसाळ्याच्या आरंभी, पेरणीचे बियाणे आणण्यापूर्वी, त्या बोटाने ताणून पाहाव्यात व भेगाळलेल्या पट्ट्या उतरवून नव्या गुंडाळाव्यात. जुन्या पट्ट्या काढल्या की खालच्या दांडीवर गंज चढला आहे काय हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.